ताईला शिकाऊ गटातच खेळायचं होतं

आधी एक सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई उगाच तापते. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर खेकसतात आणि मी 'हो, बघते, कळवते' एवढंच म्हणते. नळ त्यांचा गळतो, पाइप भलत्यानेच फोडलेला असतो, आणि बोलणी मी खायची. तेव्हा कचेरीबाहेर मला जो राग येतो तो माझ्या हक्काचा आहे. आणि या लोकांनी ताईचं जे केलं ते ऐकूनही ज्याला राग येणार नाही, त्याने खुशाल उठून दुसरीकडे बसावं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई खात्यात आहे. खातं तळघरात, खिडकी नाही, दिवसभर वाफ आणि साबणाचा वास. वरच्या मजल्यांवरून चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे गाठोड्यांतून खाली येतात. यंत्रात टाकायच्या आधी ताई एकेका अभ्र्यात हात घालून बघते, कारण लोक आत काय वाटेल ते विसरतात. अंगठ्या सापडतात, कवळ्या सापडतात, एकदा चालू मोबाइल सापडला आणि त्यावर कुणाची तरी बायको रागावून बोलत होती. ताईने तिची समजूत काढली. काढणारच. ती जगाची ताई आहे. खात्यात सगळे तिला ताई म्हणतात, साहेबसुद्धा. तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही ताईच म्हणतात. घरी आम्ही दोघं धाकटी भावंडं म्हणतो. तिला मात्र कुणाला ताई म्हणायला मिळालं नाही, दादा म्हणायला मिळालं नाही.

मध्यंतरी त्या खात्यात नवं यंत्र आलं. भलंमोठं, काचेच्या दाराचं, पुढे बटणांची रांग. बसवायला आलेला माणूस ते साहेबांना दाखवून गेला. साहेब ताईला म्हणाले, 'तुम्हाला जमेल,' आणि जिना चढून गेले. जमलं की. तीन दिवस धडपडून तिने ते चालवलं आणि मग बाकीच्यांना शिकवलं. लोकांना काय, ताईला जमतं म्हटलं की यांची जबाबदारी संपली! तिला जमतं म्हणूनच आजवर तिला कुणी काही शिकवलं नाही. हे 'तुम्हाला जमेल' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर त्याच खात्यात बॉयलर सांभाळणारा एक मेकॅनिक आहे, ताईपेक्षा चांगलाच लहान. ताई त्याला बॉयलरवाला म्हणते, आपणही तसंच म्हणू. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने एक गाडी आणली. हातभर लांब, जाडजूड टायर, रिमोटवर चालणारी. पळणारी नव्हे, चढणारी. मळक्या चादरींच्या गाठोड्यांचा ढीग होता, त्यावर त्याने ती चढवायला घेतली. गाडी हळूहळू वर गेली, एका गाठीवर अडली, मागे सरली आणि उताणी पडली. बॉयलरवाला हसला, सरळ केली, पुन्हा चढवायला लागला. ताई डबा उघडून तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "बघू?"

हे तिने मला सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. ताई आणि 'बघू'? खेळण्यांच्या दुकानातसुद्धा लहानपणी ती आमच्या दोघांच्या मनगटांना धरून उभी असायची. पण महिन्याभरात तिने स्वतःची गाडी घेतली. मागच्या गॅलरीत विटा, फुटक्या फरशा, बुटांची खोकी रचून तिने डोंगर केला. संध्याकाळी भावोजी खुर्चीत पेपर वाचत बसले की गाडी त्यांच्या पायांकडे यायची आणि ते पेपरातून डोकं वर न काढता पाय उचलायचे. दाराचा उंबरा, त्याला लावलेली तिरकी फरशी, त्यावरून वळसा घेऊन खाली. ती फरशी तर तिने इतक्या वेळा चढवली असेल की गाडीलाही पाठ झाली असावी.

या खेळाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझ्या रागाचा पत्ता लागणार नाही. ही शर्यत नव्हे. दगडांच्या ढिगाऱ्यावरून गाडी मुंगीच्या पावलांनी न्यायची असते. जागोजागी दोन-दोन काठ्या रोवलेल्या असतात, त्यांना दार म्हणतात, आणि प्रत्येक दारातून गाडी पार झाली पाहिजे. काठीला चाक लागलं की दंड, गाडी कलंडली की जास्त दंड, हाताने सरळ केली तर त्याहून जास्त. ज्याचा दंड कमी तो जिंकला. घड्याळही लावलेलं असतं, वेळ संपली की शिट्टी.

गट तीन. खुल्या गटात लोक घरी बनवलेल्या गाड्या आणतात. त्या बघून गाडी कुठली आणि पाय पसरलेला कोळी कुठला हे कळत नाही. मधल्या गटात गाडी विकतची, पण हवे ते बदल करायला मोकळीक. आणि शिकाऊ गटात गाडी खोक्यातून निघाली तशीच लागते, टायर तेवढे बदललेले चालतात. शिकाऊत माणसाने एकच हंगाम खेळायचं. पहिल्या फेरीला ज्या गटात उतरलात तोच तुमचा गट, आणि एकदा वरच्या गटात पाय ठेवलात की खाली यायची सोय नाही. म्हणजे शिकाऊ गट आयुष्यात एकदाच मिळतो. त्या गटाला आणखी एक सवलत आहे. अडलं की खेळाडूने हात वर करायचा आणि पंचाला विचारायचं. पंचाने जवळ येऊन सांगायलाच हवं, त्याला दंड नाही. वरच्या दोन गटांत कुणाला काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही.

ताईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी शिकाऊत."

झालं! जो तो शहाणपणा शिकवायला पुढे. भावोजी म्हणाले, "अगं, या वयात पोराटोरांच्या रांगेत उभी राहणार?" बॉयलरवाला म्हणाला, "ताई, तुमचा हात मी बघितलाय. सरळ मधल्या गटात या. तुम्हाला जमेल." आला का तोच मंत्र! त्याच्या पोटात काय होतं ते मला मागाहून कळलं. क्लबचा सेक्रेटरी तोच, आणि मधल्या गटात जेमतेम तिघं जण होते. चौथा मिळाल्याशिवाय गट भरत नव्हता. आणि आमचा धाकटा भाऊ! घरात आम्ही त्याला इंजिनियर म्हणतो. विकतो विमा, पण जगात अशी वस्तू नाही जी त्याने स्क्रू काढून 'सुधारलेली' नाही. माझी इस्त्री त्याने सुधारली, त्यानंतर मी नवी आणली. तो म्हणाला, "शिकाऊ कसली, ताई? तुझी गाडी अशी करून देतो की लोक बघत राहतील."

"हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

"बरं," म्हणाला. त्याचं 'बरं' आम्ही त्याला दात आले तेव्हापासून ऐकतोय.

मीसुद्धा तिला विचारलं होतं, हळूच, आम्ही दोघीच असताना. "भीती वाटते का गं, ताई? हरायची?"

"हरायची कसली भीती?" ती गाडीच्या टायरात अडकलेले खडे काढत होती. "तिथे विचारता येतं."

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "कुणाला तरी विचारावंसं वाटतं गं. बस, एवढंच." आणि पुन्हा खडे काढायला लागली. मी खाली बसून दुसऱ्या टायरातले खडे काढायला घेतले.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई शाळेत होती. बाबांना रात्रपाळी. मावश्या, काकू, आत्या सगळ्या येऊन गेल्या, आईच्या उशाशी बसून रडल्या, आणि जाताना प्रत्येकीने ताईच्या डोक्यावर हात ठेवून हेच सांगितलं: थोरली आहेस, तुला जमेल. एकीलाही वाटलं नाही की पोरीला निदान गॅस कसा बारीक करायचा ते दाखवून जावं! पहिले कित्येक दिवस आम्ही करपलेलं खाल्लं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर ती दिव्याखाली धरून वाचायची, चमचा मोठा की छोटा हे तिला कुणाला विचारता यायचं नाही, आणि मग अंदाजाने पाजून रात्रभर आईचा श्वास ऐकत बसायची. हे मला ती कधी बोलली नाही. मी शेजारी झोपायचे, म्हणून मला माहीत आहे.

आता पहिल्या फेरीचा दिवस. मैदान गावाबाहेर, दगडाच्या जुन्या खाणीत. टोप्या घातलेली माणसं, खोकी, बॅटऱ्या, घडीची टेबलं. ताईने धुलाई खात्यातलीच एक जुनी चादर आणली होती, ती अंथरून तिने त्यावर गाडी ठेवली. नवा, कडक इस्त्रीचा ड्रेस घातला होता तिने. मी म्हटलं, "शाळेचा पहिला दिवस आहे का गं?" तर लाजली.

आमच्या शेजारीच चषकवाले काका बसले होते. यांची ओळख करून देताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. हे गृहस्थ गेली कैक वर्षं शिकाऊ गटात आहेत. नियम काय, एकच हंगाम. पण हंगाम मोजायचा कसा, तर सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या तर. म्हणून काका दर वर्षी पहिल्या सगळ्या फेऱ्यांचे चषक घरी नेतात आणि शेवटच्या फेरीला त्यांची कंबर धरते. पुढच्या वर्षी पुन्हा शिकाऊ! केस पिकले, शिकणं काही संपेना. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही, कारण मैदानावरचा मांडव काकांचा असतो. त्या दिवशीचा चषकही त्यांनीच नेला, हे आत्ताच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत कुणी आशेवर राहायला नको.

खेळाआधी गाड्या तपासतात. बॉयलरवाला टेबलावर बसला होता. ताईची गाडी त्याने उलटी केली, सरळ केली, "ठीक" म्हणणार तेवढ्यात काका मान लांब करून म्हणाले, "पुढची चाकं जरा फिरवून दाखवा हो त्यांची."

ताईने रिमोटचं चाक फिरवलं. गाडीची चाकं खट्कन वळली, एकदम जोरात.

"ही मोटर खोक्यातली नाही," काका म्हणाले. "हा भारीतला सर्वो आहे. चाकं वळवायला लावतात तो."

ताईने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग आम्ही दोघींनी एकाच वेळी मागे वळून बघितलं. इंजिनियर हसत उभा होता. छाती पुढे, दोन्ही हात खिशात.

"सरप्राइज!" तो म्हणाला. "काल चहाला आलो होतो ना, तू आत दूध तापवत होतीस तेव्हा बसवला. माझ्याकडून भेट. आता कुठल्याही दगडात चाक अडलं तरी वळणार!"

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? त्याला मारावं तर तो मनापासून आनंदात होता. तरी मी त्याचं बखोट धरलंच. "गाढवा, तुला हात लावू नको म्हटलं होतं ना! शिकाऊत बदल चालत नाहीत!"

"मग वरच्यात खेळेल की," तो म्हणाला. "ताईला काय, जमेल!"

बॉयलरवाल्याचा चेहरा उजळला. "तेच म्हणतो मी. बघा ताई, नियमाने ही गाडी शिकाऊत बसत नाही, माझ्या हातात काही नाही. पण मधल्या गटात एकदम चालेल. आणि तुम्ही आलात तर त्या तिघांचाही दिवस वाया जाणार नाही. बिचारे पहाटेपासून आलेत." ते तिघं जण पलीकडे उभे होतेच, आशाळभूतपणे बघत. काका म्हणाले, "घ्या बाई, वरच्या गटातला मान मिळतोय." बघा तरी! स्वतः खाली ठाण मांडून बसलेला माणूस दुसऱ्याला वर चढवतोय!

"तुम्ही कितव्यांदा पहिलीत बसलात हो?" मी विचारलं. खाणीत आवाज चांगला घुमतो. "दर वर्षी परीक्षेच्या दिवशी कंबर दुखते, त्यावर औषध नाही का? गाडी तपासता, मग माणूस पण तपासा की! इथे एका बाईची एकुलती एक संधी जातेय आणि तुम्हाला मांडवाची सावली गोड लागतेय!"

काका टोपी नीट करायला लागले. बॉयलरवाला म्हणाला, "बाई, शांत व्हा. नियमात बसतं त्यांचं." नियमात बसतं! ते बसतं, आणि माझी बहीण बसत नाही.

पण या सगळ्यात मी ताईकडे बघितलं. ती त्या तिघांकडे बघत होती. मान थोडी खाली, ओठ मिटलेले. हा चेहरा मला पाठ आहे. आता ती 'ठीक आहे' म्हणणार. शाळा सोडताना तिने हाच चेहरा करून 'ठीक आहे' म्हटलं होतं. माझ्या लग्नात, इंजिनियरच्या नोकरीच्या वेळी, प्रत्येक वेळी. ते बिचारे तिघं, तो बिचारा बॉयलरवाला, हा बिचारा भाऊ, सगळ्या जगाचे बिचारे तिने उचलायचे. मी म्हणाले, "ताई, खबरदार."

ताईने तोंड उघडलं. "माझा नंबर कधी आहे?"

"शिकाऊत? शेवटचा होता," बॉयलरवाला म्हणाला.

"तोवर जुनी मोटर लावून आणली तर?"

"तर... चालेल. पण ताई, ते तिघं..."

"त्यांना सॉरी म्हणा माझ्याकडून," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू याला घेऊन जा आणि माझी मोटर आण."

विनंती नव्हती, सांगणं होतं. इतक्या वर्षांत तिने आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी स्कूटरला किक मारली.

रस्ताभर मी बोलत होते, आणि इंजिनियर मागे बसून ऐकत होता, कारण चालत्या स्कूटरवरून उतरता येत नाही. "भेट देतो म्हणे! विचारलंस तिला? तिला आयुष्यात एक गोष्ट स्वतःची निवडायची होती, तीसुद्धा तू सुधारलीस!"

"पण शिकाऊच का?" तो वाऱ्यात ओरडला. "तिला सगळं येतं! मला सायकल कुणी शिकवली? तिनेच ना?"

"तिला सायकल येते का?"

"म्हणजे?"

"तिला सायकल येत नाही, शहाण्या. कधीच येत नव्हती. तुझी सीट धरून गल्लीभर धावली, माझी धरून धावली, आणि स्वतः कधी बसली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, माझ्या मागे कोण धावणार होतं?"

त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा पायऱ्या तो माझ्या आधी चढला.

जुनी मोटर कपाटात नव्हती, खणात नव्हती. शेवटी त्याने खाली बघत सांगितलं की ती स्वयंपाकघराच्या पडद्याला लावली आहे. बटण दाबलं की पडदा सरकतो. मी कपाळाला हात लावला. त्याच्या बायकोने बटण दाबून दाखवलं. पडदा अर्ध्यावर जाऊन थांबला आणि थरथरायला लागला. "न्या हो ही ब्याद," ती म्हणाली. "सकाळपासून मी अर्ध्या अंधारात भांडी घासतेय." इंजिनियरने स्टुलावर चढून मोटर काढली. पडदा दांडीसकट खाली आला, तो तसाच टाकून आम्ही निघालो.

मैदानावर पोहोचलो तेव्हा काकांची पाळी चालू होती. काठीला न शिवता, ऐटीत, दहा वर्षांच्या सरावाने शिकाऊ गाडी चालली होती. मी तिकडे पाठ केली. ताई चादरीवर मांडी घालून बसली होती, पुढे स्क्रू ड्रायव्हर, कापड आणि स्क्रू ठेवायला डब्याचं झाकण. इंजिनियर खाली मान घालून म्हणाला, "ताई, तू लाव. माझ्याने पुन्हा काही बिघडेल."

"तू काढलीस, तूच लाव," ताई म्हणाली, आणि झाकण त्याच्याकडे सरकवलं.

त्याने लावली. दोनदा स्क्रू पडला, ताईने एकदाही 'दे इकडे' म्हटलं नाही. बॉयलरवाल्याने येऊन चाकं फिरवून बघितली. मधला गट काही भरला नव्हता आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं, पण "ठीक" म्हणाला. मग शिकाऊ गटाचा पंच म्हणून काठ्यांपाशी जाऊन उभा राहिला.

ताईचा नंबर पुकारला. ती रिमोट छातीशी धरून दगडांच्या कडेला गेली. पहिलं दार ओलांडलं. दुसऱ्यात चाक काठीला लागलं, दंड झाला. ती 'अगंबाई' म्हणाली आणि पुढे निघाली. मग तिसरं दार आलं. एक सपाट दगड, एका अंगाला तिरका, त्यावरून वळसा घेऊन खाली. हुबेहूब तिच्या उंबऱ्याची फरशी! इंजिनियर माझ्या कानाशी कुजबुजला, "हे तर तिला झोपेतही येतं." मला ते माहीत होतं. मी सुटकेचा श्वासही सोडला, की चला, हे दार तरी बिनदंडाचं.

ताई थांबली. गाडी दगडाच्या पायथ्याशी उभी. घड्याळ चालू होतं. तिने रिमोट डाव्या हातात घेतला, आणि उजवा हात वर केला. पुरता वर, वर्गात करतात तसा.

बॉयलरवाल्याला क्षणभर कळलंच नाही. "काय झालं, ताई? गाडी बंद पडली?"

"नाही. विचारायचंय."

"अहो, हे काय अवघड आहे? तुम्हाला जमे..." एवढं म्हणून तो थांबला. तिचा हात अजून वरच होता.

"ताई, तुला येतं हे!" इंजिनियर ओरडला. मी त्याच्या तोंडावर हात दाबला, अगदी पुरा, नाकासकट.

ताईने वळूनसुद्धा बघितलं नाही. ती बॉयलरवाल्याकडे बघत होती, त्या तिच्याहून कितीतरी लहान पोरगेल्या माणसाकडे, आणि म्हणाली, "मला येत नाही, दादा. सांगता?"

तो जवळ आला. दगडापाशी उकिडवा बसला आणि बोटाने दाखवायला लागला, चाक कुठे ठेवायचं, कुठे थांबायचं, वजन कुठल्या अंगाला पडेल. सुरुवातीला घाईत सांगत होता, मग सावकाश सांगायला लागला. ताई त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, नव्या ड्रेसला माती लागली तरी. एकेका वाक्याला ती 'हं' म्हणत होती. वेळ संपल्याची शिट्टी झाली, बाकीची दारं तशीच राहिली. तो उठायला लागला तर तिने त्याची बाही धरली.

"राहू दे ती शिट्टी," ती म्हणाली. "तुम्ही आधी पुरतं सांगा."